हरण्याचं वाकडं शिंग

विपुलचा कॉम्प्युटर चालू करायचा म्हणजे सोबत गॅसवर चहाचं आधण ठेवावं लागे. बटण दाबून लीलाबाई आत जात. आधण उकळे, चहा गाळून होई, आणि दोन कप घेऊन त्या बाहेरच्या खोलीत येत तेव्हा कुठं पडद्यावर उजाडायला लागलेलं असे. सीपीयूचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं होतं आणि त्या उघड्या पोटासमोर टेबलफॅन लावलेला. फॅन नसला की डबा तापून आपोआप बंद पडे.

"घरातला माणूस घामानं भिजून राहिला, अन् वारा या डब्याले," खुशालराव म्हणत.

"तुमीबी कामाचे असते तं तुमालेही लावला असता," लीलाबाई पडद्यावरची नजर न काढता सांगत.

विपुल त्यांचा मुलगा. अमरावतीत इंजिनिअरिंग करताना त्यानं हा कॉम्प्युटर घेतला होता. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली आणि कॉम्प्युटर साईनगरातल्या दोन खोल्यांच्या घरात मागं राहिला. "भंगारात देऊन टाका," असं तो दर दिवाळीला सांगे. लीलाबाईंनी भंगारात द्यायच्या ऐवजी मॉनिटरला झालर लावलेलं कव्हर शिवलं आणि त्यावर एक रेशमी गुलाब काढला. काही वर्षं तो डबा असाच, डोक्यावर पदर घेतलेल्या पाहुणीसारखा कोपऱ्यात बसून राहिला.

मग २००८च्या संक्रांतीला मुलगी आली. आकांक्षा अकोल्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आईला काहीतरी विरंगुळा म्हणून तिनं कव्हर काढलं, धूळ झटकली आणि एकेक गोष्ट उघडून दाखवायला लागली. हे पत्र लिहायचं, हे चित्र काढायचं, हे एक्सेल, हिशेबासाठी. एक्सेल उघडल्यावर पडद्यावर बारीक रेघांचे उभेआडवे चौकोन पसरले आणि लीलाबाई खुर्चीतून पुढं झुकल्या.

"अवं, हे तं मॅटीचं कापड हाय!"

लग्नाआधी त्यांनी मॅटीच्या चौकोनी विणीच्या कापडावर फुलीच्या टाक्यानं पोपट भरले होते, हंस भरले होते, 'सुस्वागतम' भरलं होतं. एक चौकोन म्हणजे एक फुली. इथं तर चौकोन लहान करता येत होते, त्यात हवा तो रंग भरता येत होता, आणि चुकलं तर दोरा उसवायची गरज नव्हती. एक बटण दाबलं की चूक पुसली जायची. आकांक्षा हिशेबाचं सांगायचं विसरून गेली. दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला परतली तेव्हा पडद्यावर पोपटाची चोच आणि अर्धा पंख झाला होता.

पोपट पूर्ण झाल्यावर लीलाबाईंनी नवऱ्याला हाक मारली. खुशालराव चष्मा लावून आले, मान इकडून तिकडं करून पाहिलं आणि विचारलं, "मिरची हाय का हे?"

"पोपट हाय."

"लाल देठाची मिरची वाटली मले."

पण ते रोज येऊन उभे राहायला लागले. तसंही त्यांना दुसरं काम नव्हतं. भातकुलीजवळच्या गावात त्यांची काळ्या जमिनीची शेती होती. कापसाचं दिवाळं निघालेलं ते दशक. शहरातून गाड्या भरून माणसं गावात यायची, फोटो काढायची, प्रश्न विचारायची आणि निघून जायची. खुशालरावांच्या डोक्यावर कुणाचं देणं नव्हतं, पण कसण्यात काही उरत नव्हतं, मजूर मिळत नव्हता आणि मुलगा परत येणार नव्हता. तीन वर्षांमागं त्यांनी शेत मक्त्यानं दिलं आणि दोघं अमरावतीला येऊन राहिले. बैलजोडी अकोटच्या गयासुद्दीनभाईंना विकली. ते स्वतः शेती करणारे, बैलाला जीव लावणारे, म्हणून त्यांनाच. बैल न्यायला ते आले त्या सकाळी खुशालराव बांध साफ करायचं निमित्त काढून शेतात निघून गेले. बैलांना कुंकू लीलाबाईंनी लावलं, भाकर त्यांनी चारली, वेशीपर्यंत त्याच गेल्या. खुशालराव दुपारी घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. चांद्या आणि हरण्या ही दोन नावं त्यानंतर त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका दुपारी, लीलाबाई हंसाची मान भरत असताना मागून आवाज आला, "बैल निघतीन का याच्यात?" तेव्हा त्यांनी वळून पाहिलं नाही.

"किती?" एवढंच विचारलं.

"दोन. बैल काय एक राह्यते?"

आधी पडद्यावर काढायचे आणि मग मॅटीवर भरून बैठकीत लावायचे, असा लीलाबाईंचा बेत. पण बैल काढायचे तर समोर काहीतरी हवं. जोडीचा एकच फोटो होता, पोळ्याचा. त्यात शिंगांना बेगड चिकटवलेली, वरून गोंडे, वर फुगे. शिंगं दिसतच नव्हती. तेव्हा आठवणीनंच काढायचं ठरलं. दोन तोंडं समोरून, छातीपर्यंत, मानेवर जू. चांद्याच्या कपाळावरचा पांढरा चांद लगेच जमला. हरण्याचा हरणासारखा रंग लागेना, म्हणून खुशालरावांनी पिवळा, तपकिरी, पुन्हा पिवळा असे रंग बदलायला लावून लीलाबाईंचा जीव खाल्ला. शेवटी तोही साधला. मग लीलाबाईंनी हरण्याची शिंगं काढायला घेतली. एक सरळ, आणि दुसरं शेंड्याला खाली वाकलेलं. लहानपणी ते कशात तरी अडकून तसं झालं होतं. वाकडं शिंग त्यांनी डाव्या हाताला काढलं.

"चुकलं," खुशालराव म्हणाले. "वाकडं शिंग उजवं."

"डावं."

"अवं, मी जुंपत होतो त्याले. उजवं."

"अन् मी ढेप चारत होती. डोळे मिटून नाई चारत होती. डावं."

त्या दिवशी विषय तिथंच थांबला. गुरुवारी लीलाबाई भजनाला गेल्या. परत येऊन कॉम्प्युटर लावला, चहा झाला, फाइल उघडली, तर हरण्याचं वाकडं शिंग उजवीकडं गेलेलं. आजवर ज्या माणसानं माऊसला बोट लावलं नव्हतं, त्यानं एकट्यानं बसून चौकोन चौकोन पुसून शिंग पलीकडं नेलं होतं आणि वर सेव्हही केलं होतं. लीलाबाईंनी शिंग जागेवर आणलं. खुशालराव दूध आणायला गेले की शिंग डावीकडं, लीलाबाई भाजीला गेल्या की उजवीकडं. भारनियमनाची वेळ दोघांच्याही पथ्यावर पडायची, कारण वीज यायच्या आत जो खुर्चीवर जाऊन बसला त्याचं शिंग.

"आई, बाबाले म्हण माऊस जरा हलका धरा," आकांक्षा फोनवर हसून हसून म्हणाली. तिला दोघांनीही वेगवेगळा फोन करून एकमेकांचा खोटेपणा सांगितला होता. "अन् तुमी मले काहून विचारून राहिले? मी होस्टेलात होती. ज्यायच्याकडे बैल हायेत, त्यायले विचारा ना."

खुशालरावांनी हे ऐकून पेपर उघडला. लीलाबाईंनी डायरीतून नंबर काढला आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"सलाम, गयासभाई. खुशालराव बोलतो, अमरावतीहून. … हो, बरं हाय. नाई, एक विचाराचं होतं. हरण्याचं वाकडं शिंग कोणतं?"

पलीकडून गयासुद्दीनभाई सावधपणे म्हणाले, "काहून? बैल वापस पायजे का?"

"नाई हो. कॉम्प्युटरमंधी काढून राहिलो."

"बैल?"

"बैल."

"अच्छा," गयासुद्दीनभाई म्हणाले. त्यांना काही समजलं नव्हतं, पण माणूस जुना ओळखीचा होता. "तं ते उजवं हाय ना."

खुशालरावांनी बायकोकडं असं पाहिलं की जणू कोर्टानं निकाल दिला. तेवढ्यात फोनमधून बाईचा आवाज आला. गयासुद्दीनभाईंची बायको खातूनबी शेजारी बसून तांदूळ निवडत असावी.

"उजवं कोण म्हणते? डावं हाय! रोज मी पाणी पाजते त्याले."

"अन् रोज जुंपते कोण? तू?"

"जुंपा नाईतर डोक्यावर घ्या. डावं हाय म्हणजे डावं हाय."

पुढं अकोटच्या घरातलं भांडण इतकं रंगलं की फोन चालू आहे हे दोघंही विसरले. खुशालरावांनी हळूच तो बंद केला.

लीलाबाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "चला अकोटले."

"बैल पाहाले एसटीनं कोणी जाते का?"

"शिंग पाहाले चाललो आपण. बैल दिसले तं दिसले."

खुशालरावांनी पुन्हा नकार दिला नाही. पण निघायच्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दर्यापूरमार्गे अकोटला जाणाऱ्या एसटीत सारखं एकच सांगत राहिले. पाच मिन्टं पाहाचं अन् लगेच फिराचं. चहालेही थांबाचं नाई. मुक्कामाचा तं सवालच नाई. लीलाबाई खिडकीतून बाहेर पाहत हूं हूं करत होत्या. त्यांच्या पिशवीत गूळ लावलेल्या दोन भाकरी होत्या.

गयासुद्दीनभाईंचं शेत गावाला लागूनच होतं. कडुनिंबाखाली दोन्ही बैल बांधलेले. अंगावर तेज होतं, पोटं भरलेली. चांद्या कुटार खात होता, त्यानं नुसतीच मान वर केली. हरण्यानं मात्र लीलाबाईंना लांबून पाहिलं, दाव्याला ताण देऊन पुढं झाला आणि सरळ पिशवीत तोंड घातलं. त्यांनी भाकर काढली. त्याच्या कपाळावरून हात फिरवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला त्या म्हणाल्या, "लय लाडावला हाय. खातूनबी, काय चारता याले?"

"तुमीच तं सवय लावली त्याले," खातूनबी म्हणाली. "भाकरीबिगर पाणी नाई पेत."

खुशालराव एका बाजूला हात मागं बांधून उभे होते. हरण्यानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, शेपटीनं माशी उडवली आणि पुन्हा भाकरीकडं वळला.

"तुमाले नाई वळखलं," लीलाबाई म्हणाल्या.

"वळखन कसा? किती दिवस झाले." ते सहज बोलल्यासारखं बोलले, पण चेहरा उतरला होता. भाकर खाणाऱ्या बैलापुढं उभं राहण्यात काही अर्थ नाही असं त्यांना वाटलं असावं. ते फेरा घालून बैलांच्या मागं गेले. गयासुद्दीनभाईही त्यांच्या मागोमाग आले. खुशालरावांनी हरण्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, चांद्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांच्या जिभेनं टाळूला टक्‌ आवाज केला.

"हरण्याऽ… चल बावा."

हरण्याच्या तोंडातली भाकर खाली पडली. दोन्ही कान मागं वळले. तो मागच्या पायांवर सरकला आणि एक पाऊल उजवीकडं होऊन मान खाली घालून उभा राहिला, जू मानेवर येईल तिथं. शेजारी चांद्यानं कुटारातून तोंड काढलं आणि तोही सरळ झाला.

खुशालरावांनी पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग पुसतच राहिले. लीलाबाईंनी समोरून ते पाहिलं आणि जमिनीवरची भाकर उचलायला मुद्दाम जरा जास्त वेळ लावला.

थोड्या वेळानं खुशालरावांनी घसा साफ केला, हरण्याच्या दोन कानांमधून पुढं पाहिलं, आणि त्यांचा आवाज परत आला.

"हे पाहा! काय सांगतलं होतं मी? उजवं!"

"चष्मा लावा!" समोरून लीलाबाई म्हणाल्या. "ढळढळीत डावं हाय!"

"उजवंच हाय," खुशालरावांच्या शेजारून गयासुद्दीनभाईंनी साक्ष दिली.

"डावं," लीलाबाईंच्या शेजारून खातूनबीनं.

मधे बैल उभा होता, आणि त्याचं शिंग होतं तिथंच होतं. सगळ्यात आधी खातूनबीला कळलं. तिनं तोंडावर ओढणी धरली, तरी हसू बाहेर फुटलंच.

"भाऊ," ती खुशालरावांना म्हणाली, "जरा इकडून या ना तुमी."

खुशालराव पुढं आले. पाहिलं. मागं गेले, पुन्हा पाहिलं. मग गयासुद्दीनभाई पुढं आले आणि मागं गेले. दोघं वयस्कर माणसं एकमेकांना वाट देत बैलाभोवती फिरत होती आणि दोन बायका कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून पोट धरून हसत होत्या.

"येवढी वर्षं," लीलाबाईंना बोलता येईना, "येवढी वर्षं यायनं बैलाचं बूड पाहिलं, अन् शिंगाचं मले सांगून राहिले!"

"मंग चित्र मागूनच काढाव लागते," खुशालराव हटले नाहीत. "शेतकऱ्याले बैल मागूनच दिसते. समोरून पाहणारा तं पाव्हणा असते."

"बैठकीत बूड लावू? उद्या विपुलचे सोयरे येतीन, त्यायले काय दाखवू?"

"जातिवंत बैल हायेत म्हणून सांग."

पाच मिनिटांचं संध्याकाळपर्यंत लांबलं. खातूनबीनं वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. जेवताना गयासुद्दीनभाईंनी शेताचं सांगितलं. कापूस कमी करून यंदा सोयाबीन वाढवायचं आहे. मुलगा शाकीब अकोल्याला मोबाइलच्या दुकानात लागला, त्याला मातीत यायचं नाही. तिफण धरायला धड माणूस मिळत नाही. "पेरणीच्या टायमाले तुमी या ना चार दिवस," ते म्हणाले. "बैल तं तुमचंच आयकतात, पाहिलं ना आज." खुशालराव पाहू म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडत बराच वेळ ताटाकडं बघत बसले.

अमरावतीला परत आल्यावर लीलाबाईंनी बटण दाबलं आणि चहा ठेवला. चहा झाला, पिऊनही झाला. पडदा काळाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, त्यानं उघड्या पोटात हात घातला आणि हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं. एक जुनी डिस्क त्याच्याकडं पडून होती, ती बसवून दिली. डबा चालू झाला, पण आतलं सगळं गेलं होतं. पोपट, हंस, चांद्या आणि हरण्याही.

"माहा हरण्या गेला," खुशालराव खरोखर हळहळले.

"हरण्या अकोटले हाय. खाऊन राहिला," लीलाबाई म्हणाल्या. "बसा इथं. आता तुमीच काढा."

त्यांनी खुर्ची सोडली. खुशालराव बसले आणि कासरा धरावा तसा त्यांनी माऊस मुठीत धरला. डावीकडं न्यायचा तर ते सगळं अंगच डावीकडं नेत. एक चौकोन रंगवायचा तिथं नऊ रंगत, मग लीलाबाई मागून हात घालून ते पुसत. जोडी पुन्हा उभी राहायला चैत्र सरला. या वेळी शिंगावरून भांडण झालं नाही. खुशालरावांनी ते आपणहून डावीकडं काढलं, पण हात थांबवून म्हणाले, "हे तुह्या बाजूनं हाय, ध्यानात ठेव."

"तुमाले तुमची बाजू पाहाची असन तं कापड उलटं करून पाहत जा," लीलाबाई म्हणाल्या.

अकोल्याहून आकांक्षा आली. खुर्ची मागं सरकवून तिनं नीट पाहिलं. "बाबा, बकऱ्या चांगल्या काढल्या तुमी."

खुशालराव दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी दोन्ही बैलांच्या माना तीन तीन चौकोन जाड केल्या आणि तिला पुन्हा बोलावलं. तिनं या वेळी हात जोडून नमस्कार केला, तेव्हा कुठं ते हसले.

झेरॉक्सच्या दुकानातून चित्राचे कागद छापून आणले आणि एकाला एक चिकटवले. उन्हाळाभर लीलाबाई मॅटीवर टाके घालत राहिल्या. खुशालराव समोर बसून कागदावरचे चौकोन मोठ्यानं मोजून देत, आणि मधेच वेगळंच काही आठवून मोजणं चुकवत. मग लीलाबाई टाके उसवत. "इथं ते चूक पुसाचं बटण नाई, नीट मोजा," असं म्हणत. कापड भरून झालं, काच लावून बैठकीत लागलं. शेजारच्या रुख्मिणीताई बघायला आल्या, त्यांनी शिंग वाकडं कसं काय भरलं म्हणून विचारलं. दोघांनीही एकदमच उत्तर द्यायला तोंड उघडलं.

पेरणीच्या दिवसांत गयासुद्दीनभाईंचा फोन आला. या वेळी खुशालरावांनी पाहू म्हटलं नाही. सदरे पिशवीत भरले, आणि अकोटची गाडी धरली. लीलाबाईंना घर एकटीला मिळालं आणि डबाही. सकाळी कामं उरकून त्या खुर्चीवर बसत ते फॅनची मोटर तापेपर्यंत.

रोज संध्याकाळी गयासुद्दीनभाईंच्या मोबाइलवरून फोन यायचा. आज किती रान पेरलं, चांद्या कुठं अडला, खातूनबीनं काय रांधलं, सगळं सांगून व्हायचं.

"तू काय करून राहिली?"

"मोर काढून राहिली."

"तोंड कोणीकडं? डावीकडं का उजवीकडं?"

"तुमाले काय करायचं? तुमी तिफण धरा."

फोनमध्ये वारा वाजत होता. मागं कुठंतरी घुंगरं हलत होती.

"गुडघे लय दुखून राहिले," खुशालराव म्हणाले.

"मंग या परत. कोणी बांधून ठेवलं का?"

"नाई, नाई," ते घाईघाईनं म्हणाले. "तसे नाई दुखत."